बिजागरीचे दुखणे

लॅपटॉप मोडला तेव्हा फार मोठा आवाज झाला नाही. वाळलेली शेंग फोडावी तसा ‘कट्’ असा आवाज आला, एवढेच. झाकण नेहमीप्रमाणे उघडत होते. डावीकडचा कोपरा मात्र शिवण उसवावी तसा उसवला, आणि आतून पितळेची एक इवलीशी नळी घरंगळत टेबलाखाली गेली. ही गोष्ट फेब्रुवारी २०२४ मधली. मराठीचा प्रकल्प देण्यास पंधरा दिवस उरले होते. आजीने आणि आमच्या आळीतल्या चार-पाच जणींनी सांगितलेल्या जात्यावरच्या दोनशे चौदा ओव्या त्या यंत्रात होत्या आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती. (प्रत का नव्हती, हे आमच्या सरांनी विचारून झाले आहे. वाचकांनी पुन्हा विचारू नये.)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने बिजागरीवर लेख लिहावा, याचे कुणाला हसू येईल. परंतु ‘प्रमुख’ या अर्थाचा इंग्रजीतला ‘कार्डिनल’ हा शब्द लॅटिन भाषेतल्या बिजागरीवरूनच आला आहे. ज्याच्या आधाराने बाकीचे फिरते, ते प्रमुख. त्या हिशेबाने विषय अगदीच क्षुल्लक नाही. शिवाय आमच्या महाविद्यालयात आज निम्म्या मुलांकडे लॅपटॉप आहेत आणि त्यांतल्या कितीतरींच्या कोपऱ्यांना चिकटपट्टी लावलेली आहे. हे मी ग्रंथालयात बसून स्वतः पाहिले आहे.

आमचा लॅपटॉप २०२० च्या जुलैत घरी आला. टाळेबंदीत आक्काचे बी. एस्सी.चे वर्ग घरूनच सुरू झाले आणि आबांनी पोस्टातली मुदतठेव मोडली. अडतीस हजार रुपये. त्या दिवसापासून घरात त्या यंत्राला देवघरातल्या शंखाचा मान होता. त्याच्याजवळ कुणी पाण्याचा तांब्यासुद्धा नेत नसे. आक्का नोकरीला लागल्यावर तो माझ्याकडे आला. त्याला पाडणे, आपटणे यांपैकी काही म्हणजे काही झालेले नव्हते. म्हणूनच कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्रातल्या गृहस्थांनी त्याकडे एक नजर टाकून “मॅडम, हे फिजिकल डॅमेज आहे,” असे म्हटले तेव्हा मला राग आला. वॉरंटी संपली होतीच. पण ती असती तरी हे तिच्यात बसले नसते, असे ते म्हणाले. वरची व खालची अशी दोन्ही अंगे बदलावी लागतील, साडेअकरा हजार रुपये पडतील. मी विचारले, “बिजागरी केवढ्याची आहे?” ते म्हणाले, “बिजागरीला काही झालेलंच नाही.”

माझ्या शोधाची सुरुवात या उत्तराने झाली. बिजागरी धडधाकट, आणि तिच्यापायी यंत्र मोडीत!

दाराची बिजागरी आपल्या सर्वांच्या ओळखीची. जुन्या वाड्यांतल्या दारांना लोखंडी बिजागऱ्या नसत. फळीलाच वर-खाली लाकडी खुंट्या असत आणि त्या चौकटीतल्या खोबणीत फिरत. दार करकरू लागले की आजी खोबणीत तेल सोडते. लॅपटॉपचे रडगाणे ऐकल्यावरही तिने सहजपणे सुचवले, “दोन थेंब गोडेतेल सोड की त्यात.” सल्ला चुकीचा होता, पण चूक मोठी बोधप्रद होती. दाराच्या बिजागरीचे काम एकच, फिरणे. ती जितकी सुळकन फिरेल तितकी चांगली. दाराचे वजन तिच्यावर असते, पण दार ती अमुक एका कोनात धरून ठेवत नाही. लॅपटॉपच्या बिजागरीला दोन परस्परविरोधी कामे करावी लागतात. तिने फिरलेही पाहिजे आणि मध्येच, आपण हात काढला त्या ठिकाणी, थांबलेही पाहिजे. हे थांबणे कोणत्याही खिट्टीने वा अडणीने साधलेले नसते. ते केवळ घर्षणाने साधलेले असते. म्हणजे दारात जो दोष, तो येथे मुद्दाम मोजून-मापून घातलेला गुण आहे. आजीचे गोडेतेल आत शिरले असते तर ते तिथे थांबलेही नसते. ओघळून प्लॅस्टिकवर, पडद्याच्या कडेत आणि तारांत गेले असते. काही तेले आणि द्रावणे ताणाखाली असलेल्या प्लॅस्टिकला तडे पाडतात, हे मला नंतर कळले.

पहिली दुरुस्ती मी गावातल्या मोबाइलच्या दुकानात करून घेतली. तिथल्या मुलाने तुटलेल्या जागी झटपट चिकटणारा डिंक ओतला, वरून खाण्याचा सोडा भुरभुरला आणि तीनशे रुपये घेतले. डिंक व सोडा मिळून दगडासारखा कठीण गोळा होतो, हे खरे आहे. तो बरोबर एकोणीस दिवस टिकला. दुसऱ्यांदा मोडताना मात्र बिजागरीच्या बाजूने पडद्याकडे जाणारी तार सोबत ओढली गेली आणि पडदा काळा झाला. प्रकल्पाला सरांनी मुदत वाढवून दिली होती, ती संपायला आठ दिवस उरले होते.

तालुक्याच्या गावी एस. टी. स्टँडसमोर एका गाळ्यात एक काका बसतात. पूर्वी ते टेपरेकॉर्डर दुरुस्त करीत. आता जे येईल ते करतात. त्यांनी आधी यंत्राला दुकानातला टी. व्ही. जोडला आणि माझ्या ओव्या त्यावर दाखवल्या. माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी यंत्र उघडून दोन्ही बिजागऱ्या सोडवल्या आणि एक-एक करून माझ्या हातात दिल्या. उजवी मला बोटांनी फिरवता आली. डावी हलेना, तिला पक्कड लावावी लागली. काका म्हणाले, “ताई, मोडलंय ते प्लॅस्टिक. दुखणं लोखंडात आहे.”

त्या दुपारी मी तिथे तीन तास बसले होते. जे पाहिले, त्यात नंतर काही वाचनाची भर घातली. ते सारे शक्य तितक्या सोप्या शब्दांत मांडते.

लॅपटॉपच्या बिजागऱ्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. एकात पोलादी दांड्याभोवती पोलादाचीच पट्टी घट्ट गुंडाळलेली असते; मुठीत काठी धरावी तशी. दांडा फिरतो, मूठ आवळलेलीच राहते. दुसऱ्या प्रकारात दांड्यावर चकत्यांची चळत ओवलेली असते. काही चकत्या दांड्याबरोबर फिरतात, काही जागच्या जागी राहतात, आणि टोकाला एक नट त्या सगळ्यांना दाबून धरतो. आमची बिजागरी या दुसऱ्या प्रकारातली होती. दाब कायम राहावा म्हणून नटाखाली बशीच्या आकाराच्या स्प्रिंगा असतात. ही बशी फ्रान्समधल्या ज्युलियन बेलव्हिल याच्या नावाने ओळखली जाते. त्याने तिचे पेटंट १८६७ साली घेतले. चकत्या किंचित झिजल्या तरी बशी थोडी फुगते आणि दाब टिकवून धरते. काका म्हणाले, टेपरेकॉर्डरमध्येही रीळ गुंडाळणाऱ्या चाकाखाली अशीच घसरती चकती असे, फक्त तिथे नमदा लावलेला असे. यंत्रे बदलतात, पण युक्ती तीच.

आता वजनाचा हिशेब. काकांनी सुटा केलेला पडदा मी शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून पाहिला. झाकणासकट सातशे ग्रॅम भरला. त्याचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून सुमारे बारा सेंटीमीटरवर धरू. पडदा पार आडवा पसरला तर सातशे गुणिले बारा, म्हणजे ८.४ किलोग्रॅम-सेंटीमीटर इतकी फिरवणारी ओढ दोन बिजागऱ्यांवर येते, प्रत्येकीवर ४.२. (शाळेतल्या तरफेच्या धड्यात आपण वजन आणि अंतर यांचा गुणाकार करीत होतो, तोच हा.) नेहमीच्या टेकत्या स्थितीत ती याच्या निम्म्याहून कमी असते. तेव्हा बिजागरीने ही ओढ पेलण्याइतके घर्षण जवळ ठेवायचे, पण त्याहून फार जास्त नाही.

हे घर्षण जाते कुठे? आपण झाकण उचलतो तेव्हा चकत्या फिरू नाही म्हणतात, आणि त्यांच्याबरोबर बिजागरीचा खालचा पाय फिरू पाहतो. तो पाय यंत्राच्या अंगाला दोन-तीन बारीक स्क्रूंनी बसवलेला असतो. अक्षापासून सेंटीमीटरभर अंतरावरच्या स्क्रूने हा जोर एकट्याने सोसायचा म्हटला, तर ४.२ किलोची ओढ त्याच्यावर येते. डाव्या बिजागरीसारखे घर्षण दुपटीने वाढले तर ८.४ किलो, म्हणजे आठ किलो पिठाची पिशवी त्या तांदळाएवढ्या स्क्रूला टांगल्यासारखे. शिवाय हा जोर उघडताना एका दिशेने आणि मिटताना उलट दिशेने येतो. तार हातात धरून पुढे-मागे वाकवली की ती जशी तुटते, तशातला हा प्रकार.

स्क्रू पोलादाचा असतो, त्याला काही होत नाही. तो ज्या पितळी नळीत बसतो तिलाही काही होत नाही. ती नळी बाहेरून खरखरीत असते आणि कारखान्यात तापवून प्लॅस्टिकच्या खुंटीत दाबून बसवलेली असते. शेवटचा सगळा भार येतो तो तिच्याभोवतीच्या दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिकवर. स्वस्त व मध्यम किमतीच्या यंत्रांत हे प्लॅस्टिक बहुधा एबीएस असते किंवा त्यात पॉलिकार्बोनेट मिसळलेले असते. हे पदार्थ एकदम बसलेला धक्का चांगला सोसतात. शिरस्त्राणे, खेळणी त्यांची करतात ती उगीच नव्हे. पण सतत थोडा-थोडा ताण आणि त्याची हजारो वेळा पुनरावृत्ती त्यांना सोसवत नाही. नळीच्या कडेशी केसाएवढी चीर पडते, ती रोज किंचित सरकते, आणि एक दिवस ‘कट्’ होते. मोडण्याचा दिवस आणि मोडण्याचे कारण यांत महिन्यांचे अंतर असते. मी त्या दिवशी काही वेगळे केले नव्हते, हे मला तेव्हा पटले.

डावीचे घर्षण वाढले कसे, हेही काकांनी दाखवले. चकत्या सोडवल्यावर मधून तपकिरी भुकटी निघाली. ग्रीस बाहेर सरकले होते, उरलेले वाळले होते. धातूवर धातू घासून त्याची पूड झाली होती आणि ती चकत्यांत रुतून बसली होती. येथे एक गोष्ट मला विशेष वाटली. बिजागरीचे म्हातारपण दोन तऱ्हांनी येते. ती झिजून सैल होते, किंवा सुकून ताठ होते. सैल झाली की आपण कुरकुरतो, कारण पडदा गाडीत डुलतो, हळूच मागे कलतो. ताठ झाली की कुणाच्या लक्षातही येत नाही, उलट ‘अजून किती घट्ट आहे पाहा’ म्हणून बरे वाटते. प्रत्यक्षात सैल बिजागरीने सहसा काही मोडत नाही. मोडतात त्या ताठ झालेल्या. आमच्या घरी “पडदा कसा जागच्या जागी उभा राहतो” असे आबा पाहुण्यांना कौतुकाने दाखवीत असत!

त्यात मी नेहमी डाव्या हाताने, डावा कोपरा धरून झाकण उघडायची. पुस्तक उघडतो तसे. झाकण पातळ असल्याने ते आधी पिळवटते, आणि जवळच्या बिजागरीवर जवळजवळ सगळा भार एकटीवर पडतो. मधोमध धरून उचलले तर तो दोघींत वाटला जातो. हे कुणी मला २०२० साली सांगितले असते तर!

मग पहिली दुरुस्ती का फसली, हे उघडच झाले. डिंकाचा गोळा कितीही कठीण असो, ताठ बिजागरी त्याला रोज तितक्याच जोराने उखडत होती. काकांनी क्रम उलटा केला. आधी चकत्या धुतल्या, नवे ग्रीस लावले. नटावर मूळ जागेची खूण म्हणून नखांचा लाल रंग लावला आणि नट पाव फेरा सैल केला. उजवी आणि डावी पुन्हा पुन्हा हातात धरून दोन्ही सारख्या फिरतात याची खात्री केली. त्यानंतरच त्यांनी नळ्यांच्या जागी दोन द्रव मिसळून जमणारा, सावकाश वाळणारा डिंक भरला आणि रात्रभर यंत्र उघडेच ठेवून दिले. नवी तार सातशे, मजुरी सहाशे. एकूण तेराशे रुपये.

कंपन्या बिजागरीची परीक्षा घेत नाहीत असे नाही. वीस हजार, तीस हजार वेळा उघडझाप करून पाहिल्याचे दावे त्या करतात, आणि ते खोटे मानण्याचे कारण नाही. दिवसाला दहा वेळा उघडझाप धरली तर वीस हजार म्हणजे साडेपाच वर्षे होतात. आमचा लॅपटॉप साडेतीन वर्षांत बारा-तेरा हजारांवर मोडला. पण परीक्षेतले यंत्र झाकण एकाच ठिकाणी धरून, एकाच गतीने उघडते. ते काही आठवड्यांत संपते. चार पावसाळे, तीन उन्हाळे, ग्रीसचे वाळणे आणि माझा डावा हात त्या परीक्षेत येत नाही. आपल्या वार्षिक परीक्षांविषयीही असेच काहीसे म्हणता येईल, पण तो विषय वेगळा.

आरंभी ही अडचण नव्हती. १९८१ सालचा ऑसबोर्न-१ हा ‘नेण्याजोगा’ संगणक अकरा किलोंच्या आसपास होता. त्याचा कळफलक म्हणजे पेटीचे सुटे होणारे झाकणच होते. पडदा कळफलकावर पुस्तकासारखा मिटण्याची कल्पना बिल मॉग्रिज या इंग्रज रचनाकाराची. तिच्यावरून तयार झालेला ग्रिड कंपास हा संगणक १९८२ साली बाजारात आला. त्याचे अंग मॅग्नेशियमचे होते, किंमत आठ हजार डॉलरांवर होती, आणि तो अमेरिकेच्या अवकाशयानांतूनही गेला. धातूच्या अंगात धातूची बिजागरी बसवली की भार धातूवरच राहतो. पुढे अंग प्लॅस्टिकचे झाले, किंमत आवाक्यात आली. त्याशिवाय तो आमच्या घरी आलाच नसता. मग बारीकपणाची चढाओढ लागली. जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी कागदी लिफाफ्यातून लॅपटॉप काढून दाखवला, तेव्हापासून जाडी ही जणू लाजेची बाब ठरली. तो लॅपटॉप ॲल्युमिनियमचा होता. त्याची नक्कल स्वस्त प्लॅस्टिकमध्ये करताना पितळी नळीभोवतीची खुंटी आखूड होत गेली. याउलट टोक म्हणजे २०१४ साली लेनोव्हो कंपनीने घड्याळाच्या पट्ट्यासारखी बिजागरी काढली. तिच्यात ८१३ तुकडे होते. मला तर त्या आकड्यानेच धडकी भरते.

उपाय अवघड आहेत असे मुळीच नाही. खुंट्यांच्या जागी धातूची एक पट्टी घालून भार पसरवला, किंवा नळ्या तुटल्यास तेवढाच तुकडा बदलता आला, तरी पुरे. फ्रेमवर्क नावाची कंपनी २०२१ पासून असे लॅपटॉप विकते. त्यांच्या बिजागऱ्या सुट्या मिळतात, त्याही कमी-जास्त ताठपणाच्या, आणि गिऱ्हाईक त्या घरी बसवू शकते. फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉप विकताना तो दुरुस्त करणे किती सोपे आहे याचे दहापैकी गुण किमतीजवळ दाखवावे लागतात. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ नावाचे संकेतस्थळ सुरू केले. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती, सुट्या भागांची माहिती व वॉरंटीच्या अटी एका जागी द्याव्यात असा त्यामागचा हेतू. माझे म्हणणे एवढेच की अटींमध्ये ‘फिजिकल डॅमेज’ या शब्दांचा अर्थही लिहिला जावा. जे यंत्र पडले नाही, आपटले नाही, आणि केवळ उघडझाप करून मोडले, त्याचा दोष वापरणाऱ्याकडे कसा जातो, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेले नाही.

आमच्या वर्गमित्रांना मात्र एक परीक्षा आजच करता येईल. यंत्र टेबलावर ठेवा, झाकण मधोमध धरून सावकाश उचला आणि कान देऊन ऐका. चरचर आवाज आला, खालचे अंग मागच्या कोपऱ्यात किंचित फुगले, किंवा दोन कोपऱ्यांच्या फटी सारख्या दिसेनाशा झाल्या, तर उघडझाप तिथेच थांबवा. झाकण उघडे ठेवूनच दुरुस्तीला न्या. चीर पडली असता शंभर-दोनशे रुपयांत नट सैल करून भागते. नळी बाहेर आली की हजार-दीड हजार. आणि तार तुटली की मग प्रकल्पाची मुदत कुणाकडे मागायची ते आधी ठरवून ठेवा.

ओव्या वेळेवर दिल्या. हा लेखही त्याच यंत्रावर लिहिला. पडदा आता जरा सैल आहे, एस. टी.त मांडीवर घेतला तर खड्ड्यागणिक मागे कलतो. आबांना ते आवडत नाही. “नट जरा आवळून आण की,” असे ते दर रविवारी सांगतात, आणि मी दर रविवारी त्यांना लाल खूण दाखवते.